द्राक्षवेलीतील विषाणू : कुल कळले की उपाय ठरतो

साक्री तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदारांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या काळ्या वाणाच्या चार वर्षांच्या बागेत माल तयार होण्याच्या सुमारास काही वेलींची बुडाकडील पाने लाल पडतात, पानांच्या कडा खाली वळतात आणि त्याच वेलींच्या घडांना रंग नीट चढत नाही. पानदेठांचा नमुना तपासायला दिला असता 'जीएलआरएव्ही-३' आणि 'जीव्हीए' हे दोन विषाणू आढळल्याचा अहवाल आला. हे विषाणू कोणत्या गटातले, बांधापलीकडच्या केळीतील हरण्या हा विषाणूरोग द्राक्षावर आला असेल का, फवारणीने विषाणू आटोक्यात येईल का आणि बाग काढावी लागेल का, असे त्यांनी विचारले आहे.

यातील दोन प्रश्नांची उत्तरे सरळ आहेत. हरण्याचा या बागेशी संबंध नाही, आणि वेलीत एकदा शिरलेला विषाणू बाहेर काढणारे कोणतेही फवारणीचे औषध आज उपलब्ध नाही. तसे सांगून कोणी काही विकत असेल तर ते घेऊ नये. बाग ठेवावी की काढावी याचे उत्तर मात्र पहिल्या प्रश्नावर, म्हणजे विषाणूच्या गटावर, अवलंबून आहे. वर्गीकरण हा परीक्षेपुरता विषय आहे अशी आपल्याकडे समजूत असते. द्राक्षाच्या बाबतीत ती महाग पडते, कारण या वेलीवर आजवर ८० हून अधिक विषाणूंची नोंद झालेली आहे आणि इतके विषाणू बाळगणारे दुसरे फळपीक सहसा सापडत नाही. ही सगळी नावे पाठ करण्याचे कारण नाही. विषाणूचे कुल (फॅमिली) आणि त्यातील प्रजाती (जीनस) कळली की तो कशाने पसरतो, वेलीच्या कोणत्या भागात राहतो आणि त्याच्यामागे धावण्यात अर्थ आहे की नाही, हे बऱ्याच अंशी कळते.

आधी हरण्याची शंका मिटवू, कारण खानदेशात विषाणू म्हटले की जे चित्र डोळ्यांसमोर येते ते द्राक्षाला लागू पडत नाही. केळीतील हरण्या हा काकडीवरील मोझॅक विषाणूमुळे होतो. तो ब्रोमोव्हिरिडी कुलातील कुकुमोव्हायरस आहे, हजाराहून अधिक वनस्पतींवर जगतो आणि मावा त्याला एका झाडाला टोचून दुसऱ्यावर बसेपर्यंतच्या थोड्या वेळात वाहून नेतो. शहाद्याकडील पपईत दिसणारा रिंगस्पॉट हा पॉटीव्हिरिडी कुलातील विषाणू, त्याचाही वाहक मावाच. नंदुरबारच्या मिरचीतील चुरडा-मुरडा पांढऱ्या माशीबरोबर येणाऱ्या बेगोमोव्हायरसमुळे होतो. तिन्ही ठिकाणी विषाणू किडीच्या पंखांवर बसून येतो आणि एका हंगामात अख्खे शेत व्यापतो. द्राक्षातील महत्त्वाचे विषाणू याउलट संथ आहेत. मावा तिथे जवळजवळ निरुपयोगी वाहक ठरतो. काकडीवरील मोझॅक विषाणू द्राक्षात क्वचित सापडला असला तरी त्याला रोग म्हणून महत्त्व नाही. लीफरोल म्हणजे पाने वळवणाऱ्या रोगाच्या विषाणूला (अहवालातील जीएलआरएव्ही-३ हा त्यातलाच), निदान शेतातील परिस्थितीत, द्राक्षकुटुंबाबाहेर म्हणण्यासारखा आसरा नाही. त्यामुळे तो केळीतून आलेला नाही आणि केळीवर जाणारही नाही.

विषाणूंचे वर्गीकरण कशावरून करतात हे दोन शब्दांत सांगतो. आंतरराष्ट्रीय विषाणू वर्गीकरण समिती १९६६ पासून हे काम करते. विषाणूचे जनुकद्रव्य आरएनए आहे की डीएनए, ते एकपदरी आहे की दुपदरी, एका तुकड्यात आहे की अनेक तुकड्यांत, त्यावर जनुके कोणत्या क्रमाने आहेत, कणाचा आकार कसा आहे आणि जनुकक्रम नात्यातील इतर विषाणूंशी किती जुळतो, या गोष्टी पाहून गण, कुल, प्रजाती आणि जाती ठरते. पूर्वी आकार आणि लक्षणे यांवर भर असे, आता जनुकक्रमावर आहे. द्राक्षातील बहुसंख्य विषाणू धन एकपदरी आरएनएचे आहेत, म्हणजे पेशीत शिरताच त्यांचे आरएनए थेट वाचले जाऊन त्यावरून प्रथिने बनू लागतात. या प्रथिनांत एक विषाणूच्या प्रती काढणारे विकर असते, एक किंवा अधिक प्रथिने एका पेशीतून शेजारच्या पेशीत जाण्याची वाट रुंद करतात, एक आवरण बनवते आणि बहुतेक वेळा एक वेलीच्या स्वतःच्या प्रतिकारयंत्रणेला गप्प करते.

आपल्या अहवालातील जीएलआरएव्ही-३ म्हणजे लीफरोलशी संबंधित विषाणू क्रमांक ३. तो क्लोस्टेरोव्हिरिडी कुलातला आहे. हे कुल ज्या गणात मोडते त्याला मार्टेलीव्हायरेल्स म्हणतात. इटलीतील बारी येथे आयुष्यभर द्राक्षाच्या विषाणूंवर काम केलेले जिओव्हानी मार्टेली यांच्यावरून ते नाव दिले आहे. द्राक्षाने विषाणूशास्त्राला काय दिले याची यापेक्षा चांगली पावती नसावी. या कुलातील विषाणूंचा कण लांबच लांब, लवचिक सुतासारखा असतो : जीएलआरएव्ही-३ चा कण सुमारे १८०० नॅनोमीटर लांब आणि जेमतेम १२ नॅनोमीटर जाड. त्याचे जनुकद्रव्य सुमारे १८,५०० न्यूक्लिओटाइडांचे (जनुकद्रव्याच्या साखळीतील दुव्यांचे) आहे, जे वनस्पतींच्या आरएनए विषाणूंत सर्वांत मोठ्यांपैकी आहे. लिंबू-मोसंबीच्या बागा मारणारा ट्रिस्टेझा याच कुलातला, म्हणजे लीफरोलचा चुलत भाऊच. मात्र ट्रिस्टेझा मावा पसरवतो आणि जीएलआरएव्ही-३ पिठ्या ढेकूण पसरवतो, कारण दोघांच्या प्रजाती वेगळ्या आहेत.

इथे प्रजातीचे महत्त्व नीट दिसते. लीफरोलच्या विषाणूंना १, २, ३ असे शोधाच्या क्रमाने आकडे दिले गेले, त्यामुळे ते सगळे सख्खे भाऊ आहेत असे वाटते, तसे नाही. १, ३, ४ आणि अलीकडे सापडलेला १३ हे अ‍ॅम्पेलोव्हायरस प्रजातीतले आहेत, आणि या प्रजातीचे वाहक पिठ्या ढेकूण व मऊ खवले कीड हे आहेत. क्रमांक २ हा ट्रिस्टेझाच्याच क्लोस्टेरोव्हायरस प्रजातीतला असूनही त्याचा एकही कीटक वाहक आजवर माहीत नाही. तो फक्त काडीतून आणि कलमातून जातो, आणि त्याचा रेड ग्लोब वाणात प्रथम ओळखलेला एक प्रकार काही खुंटांवर (ज्या मुळाकडच्या वेलीवर कलम बांधतात तिच्यावर) कलमाचा जोड बिघडवून वेल खंगवतो. क्रमांक ७ साठी वेलारीव्हायरस ही स्वतंत्र प्रजाती केली. त्याचाही वाहक माहीत नाही. ५, ६ आणि ९ हे स्वतंत्र विषाणू नसून क्रमांक ४ चेच प्रकार आहेत असे जनुकक्रमावरून ठरल्याने ते त्यात विलीन झाले. क्रमांक ८ तर यादीतून काढूनच टाकला, कारण विषाणूचा म्हणून नोंदवलेला तो जनुकक्रम खुद्द द्राक्षवेलीचाच निघाला. जुन्या पुस्तकांत नऊ-दहा लीफरोल विषाणू वाचायला मिळतात ते यामुळे. २०२१ पासून जातींना दोन पदांची नावे देण्याची पद्धत आली असून जीएलआरएव्ही-३ च्या जातीचे नाव आता अ‍ॅम्पेलोव्हायरस ट्रायव्हिटिस असे आहे. अहवालात एखादे दिवस ते नाव दिसले तर नवीन रोग आला असे समजू नये.

लीफरोल कलमातून जातो हे जर्मनीत गेऑर्ग शॉय यांनी १९३० च्या दशकात दाखवले होते, पण त्यामागचे विषाणू वेगळे काढून ओळखायला पुढे कित्येक दशके लागली. याचे कारण या विषाणूच्या राहणीत आहे. तो वेलीच्या रसवाहिन्यांतच राहतो. पानाच्या इतर पेशींत त्याचे जवळजवळ अस्तित्व नसते, त्यामुळे पानाचा रस काढून दुसऱ्या झाडावर चोळला तरी लागण होत नाही. छाटणीच्या कात्रीने लीफरोल पसरतो ही आपल्याकडची भीती याच कारणाने अनाठायी आहे. कात्री निर्जंतुक करण्याला इतर रोगांसाठी अर्थ आहे, या रोगासाठी नाही.

रसवाहिन्यांचे काम पानात तयार झालेली साखर घडाकडे, खोडाकडे आणि मुळांकडे नेण्याचे. तिथेच विषाणूने ठाण मांडल्याने साखरेची वाहतूक मंदावते, पानात साखर व स्टार्च साठत जातात आणि पान जाड व ठिसूळ होते. मुठीत दाबले तर कागदासारखे चुरचुरते. काळ्या-लाल वाणांत साठलेल्या साखरेमुळे पानातच अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य तयार होते, म्हणून शिरांमधला भाग लाल-जांभळा होतो आणि मुख्य शिरा मात्र हिरव्या राहतात. जो रंग मण्यांत यायला हवा तो पानांत दिसतो, असे म्हटले तरी फारसे चूक नाही. मण्यांत साखर उशिरा भरते, आम्लता जास्त राहते, रंग फिका पडतो आणि वर्षागणिक उत्पादन घटते. जगातील वेगवेगळ्या देशांतील निरीक्षणांत ही घट ४० टक्क्यांपर्यंत गेलेली आहे. थॉमसन सीडलेस, तास-ए-गणेश, सोनाका यांसारख्या पांढऱ्या वाणांत अँथोसायनिन नसल्याने पाने लाल होत नाहीत. थोडी पिवळट होतात, थोड्या कडा वळतात आणि तेही डोळ्यांत भरत नाही. डॉगरिज किंवा ११० आर यांसारख्या अमेरिकी वंशाच्या खुंटांत तर बहुधा काहीच दिसत नाही. महाराष्ट्रातील बागांतून जीएलआरएव्ही-१ आणि जीएलआरएव्ही-३ यांची शास्त्रीय नोंद झालेली असताना आपल्या बहुसंख्य शेतकऱ्यांना हा रोग माहीत नाही याचे कारण मला तरी हेच दिसते : आपण पांढरी द्राक्षे लावली, खुंट गप्प राहिला, आणि कमी साखरेचे खापर आपण खतावर आणि हवामानावर फोडत आलो. काळ्या-लाल वाणांची लागवड वाढू लागल्यावर हा रोग दिसू लागला. तो आला तेव्हाच असे नाही.

आता वाहक. पिठ्या ढेकूण, ज्याला सगळे मिलीबग म्हणतात, तो आपल्या बागांत घडावर चिकटा आणि काळी बुरशी आणतो म्हणून ओळखीचा आहे. आपल्याकडे गुलाबी मिलीबग सर्वाधिक आढळतो. जगात लीफरोलचा सर्वांत अभ्यासलेला वाहक प्लॅनोकॉकस फायकस हा आहे. विषाणू उचलायला आणि सोडायला मिलीबगला तासाभराचे शोषण पुरते, पण तो त्याच्या अंगात वाढत नाही; मुखांगाजवळ अडकून राहतो, चार-पाच दिवसांत नाहीसा होतो आणि कात टाकली की जातो. पिलांपर्यंत अंड्यातून पोहोचत नाही. सर्वांत जास्त प्रसार करतात ती नुकती अंड्यातून निघालेली रांगती पिल्ले, जी डोळ्यांना पिवळट-गुलाबी ठिपक्यासारखी दिसतात आणि वाऱ्याने, मजुरांच्या कपड्यांना लागून किंवा क्रेटमधून सहज पुढच्या ओळीत जातात. मिलीबग शोधायचा असेल तर घडात पाहू नये, तोवर उशीर झालेला असतो. ओलांड्याच्या, म्हणजे वेलीच्या आडव्या खोडाच्या, फांदीफुटव्याजवळची सुटलेली साल नखाने उचलावी. खाली कापसासारखे अंड्यांचे पुंजके आणि त्यांच्याभोवती मुंगळ्यांची ये-जा दिसते. मुंग्या चिकटा खातात आणि त्या बदल्यात परभक्षी किडींना हुसकावतात, म्हणून मुंग्यांचा बंदोबस्त केल्याशिवाय क्रिप्टोलिमस भुंगेरे सोडण्याचा फायदा अर्धाच मिळतो. कीटकनाशकाने मिलीबगची संख्या घटते आणि प्रसाराचा वेग कमी होतो, हे खरे. पण तासाभरात लागण होत असल्याने केवळ फवारणीवर विसंबून लीफरोल थांबवता येत नाही.

अहवालातील दुसरे नाव जीव्हीए, म्हणजे द्राक्ष विषाणू ए. हा बीटाफ्लेक्सिव्हिरिडी कुलातील व्हिटीव्हायरस आहे. कण सुतासारखाच पण निम्म्याहून कमी, सुमारे ८०० नॅनोमीटर लांबीचा, आणि जनुकद्रव्य साधारण ७,३०० न्यूक्लिओटाइडांचे. तोही रसवाहिन्यांत राहतो, त्यालाही मिलीबगच पसरवतो, आणि लीफरोलचा विषाणू सोबत असला की त्याचा प्रसार सोपा होतो असे दिसून आले आहे. म्हणून हे दोघे जोडीने सापडले यात आश्चर्य नाही. उलट त्यावरून काडीच्या मूळ बागेत मिलीबग होता असा अंदाज बांधता येतो. जीव्हीए आणि त्याचा भाऊबंद जीव्हीबी हे खडबडीत लाकूड या रोगसमूहाशी निगडित आहेत. साल सोलली तर खालच्या लाकडावर उभ्या चरा किंवा खळगे दिसतात, कलमाच्या जोडाच्या वर खोड सुजते आणि वेल हळूहळू रोडावते. कलमावरच्या बागेत हा रोग अधिक जाणवतो, स्वमुळावरच्या वेलीत बरेचदा कळतही नाही. आपण वेल काढाल तेव्हा जोडाखाली-वर साल सोलून पाहावी.

याच कुलात फोव्हिआव्हायरस प्रजातीतला रुपेस्ट्रिस स्टेम पिटिंग विषाणू येतो, जो जगात जिथे तपासले तिथे सापडतो आणि बहुतेक वाणांत निरुपद्रवी वागतो; अहवालात तो आला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पिनो ग्री विषाणू हा ट्रायकोव्हायरस मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. उत्तर इटलीतील ट्रेन्टिनो भागात २००३ मध्ये पाने वेडीवाकडी, ठिपकेदार व वेली खुज्या दिसू लागल्या, जुन्या चाचण्यांत काहीच सापडेना. शेवटी २०१२ मध्ये वेलीतील सर्व लघु आरएनए वाचून हा विषाणू ओळखला गेला. त्याचा वाहक आहे कोलोमेरस व्हिटिस हा पानावर फोड आणणारा सूक्ष्म कोळी. एकाच कुलात एक प्रजाती मिलीबगवर, दुसरी कोळ्यावर, म्हणून कुलाबरोबर प्रजातीही विचारावी लागते.

फॅनलीफ हा द्राक्षातील सर्वांत जुना ओळखलेला विषाणूरोग. त्याचा विषाणू सेकोव्हिरिडी कुलातील नेपोव्हायरस प्रजातीतला आहे. कण सुताचा नाही, गोलसर बहुपृष्ठी, सुमारे ३० नॅनोमीटर व्यासाचा, आणि जनुकद्रव्य दोन तुकड्यांत, दोन वेगळ्या कणांत. लागण व्हायला दोन्ही पोहोचावे लागतात. १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातील ह्युइट, रास्की आणि गोहीन यांनी हा विषाणू झिफिनेमा इंडेक्स नावाचा सूत्रकृमी मुळांतून पसरवतो हे सिद्ध केले. सूत्रकृमी वनस्पतीचा विषाणू वाहतो याचा तो जगातला पहिला पुरावा होता. हा सूत्रकृमी विषाणू कित्येक महिने, कधी वर्षेसुद्धा बाळगतो, आणि काढलेल्या बागेची मुळे जमिनीत जिवंत असेपर्यंत त्यांवर जगतो. आपल्या डाळिंब-द्राक्ष बागांत मुळांवर गाठी करणारा जो सूत्रकृमी सर्रास आढळतो तो मेलॉइडोगायनी. तो मुळे खराब करतो, पण विषाणू वाहत नाही. सूत्रकृमी निघाला म्हणजे फॅनलीफ आला, असा निष्कर्ष काढू नये.

फॅनलीफच्या बाबतीत खानदेशात आणखी एक घोटाळा होतो. पान पंख्यासारखे मिटलेले, दाते टोकदार, शिरा जवळजवळ आलेल्या असे काही दिसले की विषाणू म्हणून फोटो फिरू लागतात. बहुतेक वेळा कारण शेजारच्या गव्हात, मक्यात किंवा उसात मारलेले २,४-डी तणनाशक असते, ज्याला द्राक्षवेल कमालीची संवेदनशील आहे. फरक असा पाहावा : तणनाशकाचा परिणाम बांधाकडच्या ओळींत जास्त, त्या वेळी वाढत असलेल्या शेंड्यांपुरता असतो, आणि पुढची पाने सरळ येऊ लागतात. फॅनलीफच्या वेलीत दरवर्षी तेच दिसते, शिवाय पेरे आखूड व नागमोडी होतात, एकाच जागी दोन डोळे येतात, काडी चपटी होते आणि घडात शॉट बेरीचे, म्हणजे न वाढलेल्या बारीक मण्यांचे, प्रमाण वाढते. फवारणीच्या पंपात आधी तणनाशक वापरले होते का, हे विचारून घेणेही प्रयोगशाळेच्या खर्चाआधीचे काम आहे.

उरलेल्यांपैकी थोडेच सांगण्याजोगे आहे. टायमोव्हिरिडी कुलातील फ्लेक विषाणू युरोपीय वंशाच्या वाणांत लक्षणे दाखवत नाही. रुपेस्ट्रिस खुंटावर कलम केले तरच दिसतो. रेड ब्लॉच विषाणू कॅलिफोर्नियात नापा भागातील ओकव्हिल येथे २००८ मध्ये लक्षात आला; तो जेमिनीव्हिरिडी कुलातील ग्रॅब्लोव्हायरस आहे, म्हणजे मिरचीच्या चुरडा-मुरड्याच्या कुलातला, सुमारे ३,२०० न्यूक्लिओटाइडांच्या गोलाकार डीएनएचा. पण त्याचा वाहक पांढरी माशी नाही, तर स्पिसिस्टिलस फेस्टिनस ही तीन कोनांची टोचणारी कीड आहे. लक्षणे लीफरोलसारखीच लाल, मात्र शिरासुद्धा लाल होतात आणि कडा वळत नाहीत. कॉलिमोव्हिरिडी कुलातील बॅडनाव्हायरससुद्धा द्राक्षात सापडतात, ते डीएनएचे असून आरएनएच्या वाटेने प्रती काढतात. व्हायरॉइड हे विषाणू नव्हेत : काहीशे न्यूक्लिओटाइडांचे उघडे गोल आरएनए, ज्याला आवरणही नाही आणि प्रथिन बनवणारे एकही जनुक नाही. फायटोप्लाझ्मा हेही विषाणू नव्हेत, भिंत नसलेले जिवाणू आहेत. कॅलिफोर्नियातील पिअर्स रोग कित्येक दशके विषाणूचा मानला जात होता, तो पुढे झायलेला जिवाणूचा निघाला.

आपल्या बागेकडे परत वळू. अहवाल आला असला तरी बागेतील प्रत्येक लाल पान लीफरोलचे नसते. मॅग्नेशियम कमी पडले तरी जुन्या पानांच्या शिरांमधला भाग रंग बदलतो, पण कडा खाली गुंडाळत नाहीत. पालाश कमी पडले तर कडा आधी करपतात. गर्डलिंगचा (सालीची गोल पट्टी काढल्याचा) घाव भरला नाही किंवा तार काडीत रुतली तर त्या एकाच काडीची पाने लाल होतात, वेलीची नाही. लीफरोलमध्ये रंग बुडाच्या पानापासून सुरू होऊन वर सरकतो आणि वेलीच्या बहुतेक काड्यांवर दिसतो. नमुना घेताना विषाणू वेलीत सारखा पसरलेला नसतो हे ध्यानात ठेवून एकाच वेलीच्या चारही बाजूंची जुनी, बुडाकडील पाने देठांसह घ्यावीत. विषाणूचे प्रमाण देठांत आणि जुन्या पानांत जास्त असते. काढणीच्या आधी किंवा फळछाटणीच्या अगोदर, एप्रिल छाटणीवरची पाने जुनी झालेली असताना नमुना घ्यावा. कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्याप्रमाणे लवकर छाटणी धरणाऱ्यांनी त्यानुसार तारखा मागे घ्याव्यात. छाटणीनंतर महिनाभरात कोवळ्या फुटीचा नमुना दिला आणि अहवाल निगेटिव्ह आला, तर तो विश्वासाने धरू नये. काडी आधीच कापलेली असेल तर तिची साल खरवडून आतील हिरवट थर तपासता येतो.

यानंतर एका कोऱ्या कागदावर बागेचा नकाशा काढावा, ओळ आणि वेल क्रमांक टाकून, आणि लक्षणे दिसणाऱ्या वेलींवर खूण करावी. खुणा बागभर विखुरलेल्या, कोणताही मेळ नसलेल्या असतील तर विषाणू लागवडीबरोबर काडीतून आला. खुणा एका कोपऱ्यात किंवा एकाच ओळीत सलग असतील आणि वर्षागणिक शेजारच्या वेलींत जात असतील तर मिलीबग काम करतो आहे. दोन्ही एकत्र असणेही शक्य आहे. चार वर्षांच्या बागेत माझा पहिला संशय काडीवर जातो. आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत डॉगरिजचे खुंट लावून पावसाळ्याच्या शेवटी त्यावर पाचर कलम करतात, आणि डोळकाडी, म्हणजे कलमासाठीची काडी, पाहुण्यांच्या किंवा ओळखीच्या 'चांगल्या मालाच्या' बागेतून आणतात. ती बाग पांढरी असो वा काळी, तिच्यातील विषाणू तपासल्याशिवाय दिसत नाही. आणि खुंटाची रोपेही ज्या मातृवेलीपासून आली त्यांची तपासणी कोणी विचारत नाही. जुन्या पांढऱ्या बागेवर नव्या रंगीत वाणाचे रीग्राफ्टिंग (पुन्हा कलम) करण्याची जी लाट आहे तिच्यात हा धोका सर्वांत मोठा आहे, कारण जुन्या खोडातील विषाणू नव्या डोळ्यात रसवाहिन्या जुळताच शिरतो आणि पांढऱ्या वाणात लपलेला रोग काळ्यात उघडा पडतो.

बाग काढायची का? बाधित वेली एकूण वेलींच्या पाव हिश्श्यापेक्षा कमी असतील आणि मिलीबग आटोक्यात असेल, तर बाधित वेली मुळांसह काढून, ओळीतील दोन्ही बाजूंच्या लगतच्या वेली तपासून तिथे तपासलेली रोपे लावणे परवडते. दक्षिण आफ्रिकेतील व्हर्गेलेगन या द्राक्षमळ्यात बाधित वेली दरवर्षी हुडकून काढणे, मिलीबगचे नियंत्रण आणि तपासलेली लागवड या तिन्हींच्या जोरावर लीफरोल जवळजवळ नाहीसा केल्याचे उदाहरण आहे. प्रमाण त्याहून जास्त असेल तर निवडक वेली काढण्यात पैसा घालू नये. मालाचा दर्जा जोवर खर्च भागवतो तोवर बाग चालवून ती एकदमच बदलावी. जीएलआरएव्ही-३ सोबत जीव्हीए असल्याने रोडावण्याचा वेग वाढू शकतो, हे त्या हिशेबात धरावे. जास्त खते देऊन साखर भरून निघत नाही. घडांची संख्या कमी ठेवून आणि पाने निरोगी राखून काही हंगाम निभावता येतात. काढणीनंतर मुळांचे तुकडे जमिनीत जिवंत राहतात आणि त्यांवर मिलीबगही जगतो, म्हणून मुळे वेचून वर्षभर तिथे द्राक्षाव्यतिरिक्त पीक घ्यावे.

काही जण विचारतात की आपल्या तापी खोऱ्याच्या ४४-४५ अंशांच्या उन्हाळ्यात विषाणू मरत नाही का. उष्णतेने काही विषाणूंचे प्रमाण कोवळ्या शेंड्यात घटते, लक्षणे दिसेनाशी होतात, पण जुन्या लाकडात विषाणू राहतो आणि पुढच्या हंगामात परत वर येतो. प्रयोगशाळेत रोप ३८ अंशांच्या आसपास आठवडेच्या आठवडे ठेवून मग शेंड्याचा मिलिमीटरहूनही लहान तुकडा वाढवतात, आणि त्यातूनही प्रत्येक रोप विषाणूमुक्त निघेलच असे नसते. तपासणी करूनच ते मातृवेल ठरते. टिश्यू कल्चर म्हणजे विषाणूमुक्त हा केळीमुळे आपल्याकडे रुजलेला समज इथेही बाजूला ठेवावा : मूळ झाड बाधित असेल तर त्याच्या लाखो प्रती बाधित निघतात. काड्या ५० अंशांच्या पाण्यात बुडवण्याने मिलीबग आणि फायटोप्लाझ्मा जातात, विषाणू जात नाही.

नवीन लागवडीसाठी रोपवाटिकेकडे मातृवेलींचा जीएलआरएव्ही-१, २, ३, जीव्हीए, जीव्हीबी आणि फॅनलीफ यांचा आरटी-पीसीआर अहवाल मागावा, आणि तो खुंट व डोळकाडी दोन्हींसाठी वेगळा असावा. पुण्याजवळील मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडून याबाबत मार्गदर्शन घेता येईल. तपासणी एका-दोन काड्यांची न करता प्रत्येक मातृवेलीची व्हावी, कारण एका बाधित वेलीपासून एकाच छाटणीत शेकडो डोळे निघतात. आपल्या बागेतील काळ्या वाणाच्या काड्या, बाग कितीही जोमदार दिसली तरी, यंदा कोणालाही देऊ नयेत. आणि मागच्या हंगामात ज्यांना दिल्या असतील त्यांना हा अहवाल दाखवावा.